बँडमधील सदस्यबदल

रॉक बँडमधील एखादा वादक किंवा गायक जाऊन त्याच्या जागी दुसरा येणे म्हणजे सदस्यबदल. ठाणे-नवी मुंबईच्या जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोल्यांत, याला ‘लाइनअप बदलली’ एवढेच म्हणतात. या भागात बँड म्हटले की आधी वरातीचा ब्रास बँड आणि हळदीची बेंजो पार्टी आठवते. तिथे वाजणारी चाल बहुतेक वेळा सगळ्यांना आधीच पाठ असते, त्यामुळे ऐनवेळी दुसरा माणूस उभा राहिला तरी निभावते. रॉक बँडचे स्वतःचे गाणे मात्र सहसा कागदावर नसते. चार-पाच जणांनी एका खोलीत वाजवता वाजवता ते बसवलेले असते. कोणी कुठे थांबायचे, कोणासाठी जागा सोडायची, हेही त्यातच ठरून गेलेले असते. त्यामुळे माणूस बदलला की गाणेही बदलते.

गायक बदलला तर ते श्रोत्याला लगेच कळते. पण खरी उलथापालथ गिटारवर होते. समजा, गाणे पांढरी तीनमध्ये (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) बसवलेले आहे आणि नव्या गायकाला पांढरी दोन सोयीची आहे. पांढरी तीनमध्ये गिटारची सर्वात जाड तार मोकळी सोडली की गाण्याचा षड्जच घुमतो. अख्खी रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, त्या घुमण्यावर उभी असते. पट्टी उतरवली की तो आधार जातो. मग एक तर रिफ नव्याने बसवायची, नाही तर सगळ्या तारा उतरवायच्या. उतरवलेल्या तारा सैल पडून झणझणतात, म्हणून जाड तारांचा सेट चढवावा लागतो आणि गिटारचा आवाज आणखी भारदस्त होतो. गायक बदलल्यावर ‘बँड हेवी झाला’ असे लोक म्हणतात, त्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

ड्रमर बदलणे त्याहून खोल जाते. इथल्या जॅमरूममध्ये ड्रम किट खोलीचे असते, पण स्नेअर (मुख्य ठोक्याचा कडक आवाजाचा ड्रम), सिम्बल्स (झांजा) आणि किक पेडल (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे, म्हणजे किकचे, पेडल) अनेक ड्रमर स्वतःचे आणतात. म्हणजे नवा माणूस दारातून येतो तोच वेगळा आवाज खांद्याला लावून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठोका नेमका कुठे पडतो. एक ड्रमर स्नेअर किंचित उशिरा मारतो, गाणे रेलून चालते. दुसरा किंचित आधी मारतो, तेच गाणे धावू लागते. टेम्पो, म्हणजे लय, दोघांचा सारखाच असतो. बास वाजवणाऱ्याची बोटे जुन्या किकवर पडायला शिकलेली असतात. पहिल्या काही जॅममध्ये ती चुकत राहतात आणि ‘लॉक बसत नाही’, म्हणजे बास आणि ड्रम एकत्र पडत नाहीत, ही तक्रार सुरू होते. अशा वेळी नव्या माणसाला जुन्याचे रेकॉर्डिंग देऊन ‘अस्सं वाजव’ सांगणे ही नेहमीची चूक आहे. बदल उरलेल्यांनाही करावा लागतो.

भारतीय रॉकमधले सर्वात बोलके उदाहरण दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. डिसेंबर 2009 मध्ये ते वारले. पुढे तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनाला हिमांशू जोशी आले. एका माणसाच्या जागी दोघे! ताल आणि गळा एकाच श्वासातून येत होता, तो आता दोघांनी मिळून साधायचा होता. 2013 मध्ये गिटारवादक सुष्मित सेन बाहेर पडले आणि निखिल राव आले, तेव्हा बँडचा रंग पुन्हा बदलला.

उलटे उदाहरण एसी/डीसी या परदेशी रॉक बँडचे आहे. 1980 मध्ये गायक बॉन स्कॉट वारले. त्याच वर्षी ब्रायन जॉन्सनला घेऊन बँडने अल्बम काढला, तरी बँड ओळखू येत राहिला, कारण माल्कम यंगची ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाण्याला ताल-आधार देणारी गिटार, जागेवर होती. 2014 मध्ये आजारपणामुळे माल्कम थांबला, तेव्हा ती जागा पुतण्या स्टीव्ही यंगने घेतली. आपल्याकडे घराण्यात गायकी जशी उतरते तसाच तो हात उतरला, असे मला वाटते. मेटॅलिका या बँडचे मात्र दुखते. 1986 च्या बस अपघातात बासवादक क्लिफ बर्टन गेला, जेसन न्यूस्टेड आला. पण 1988 च्या अल्बममध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही. माणूस घेतला, जागा दिली नाही.

ठाणे-नवी मुंबईत बँड फुटतात ते भांडणापेक्षा दिनक्रमामुळे. ट्रान्सहार्बर लोकलमुळे ठाण्याचा गिटारिस्ट आणि कोपरखैरणेचा ड्रमर एकत्र येऊ शकतात, पण इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष, बेंगळुरूची नोकरी किंवा ऐरोलीतली रात्रपाळी त्यांना पुन्हा वेगळे करते. शो तोंडावर असेल तर सेशनवर, म्हणजे तेवढ्या कार्यक्रमापुरते, कोणाला तरी बोलावतात. तो सेटलिस्ट, म्हणजे कार्यक्रमाची ठरलेली गाणी, चोख वाजवून देतो. पण गाण्याच्या मध्ये कोणी दोन मात्रा जास्त थांबला, की जुना सोबती नुसत्या मानेच्या झुकण्यावरून सावरायचा. सेशनवाल्याला ती खूण ठाऊक नसते.

न बदललेला बँड कसा वाजतो, हे नवी मुंबईने 15 डिसेंबर 2019 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऐकले. तिथे वाजवणाऱ्या यू-टू या परदेशी बँडचे चौघे 1978 पासून तेच होते. 2023 मध्ये लास व्हेगासच्या कार्यक्रमांना ड्रमर लॅरी म्युलन प्रकृतीमुळे नव्हता. त्याच्या जागी ब्राम व्हॅन डेन बर्ग बसला.