स्लीव्ह की बायपास? किलो मोजण्याआधी विचारायचे प्रश्न

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं असं घरात एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: स्लीव्ह की बायपास? बहुतेक वेळा उत्तरही ओळखीतल्या कुणाकडून आयतं मिळतं. कुणी सांगतं, ‘स्लीव्ह सोपी, नुसतं पोट लहान करतात, बायपास म्हणजे मोठं काम, आतड्यांची काटछाट.’ कुणी म्हणतं, ‘ज्यात जास्त किलो उतरतात ते करून टाक.’ या दोन्ही सल्ल्यांवर विसंबून हा निर्णय घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. दोन्ही ऑपरेशनं पोटाला चार-सहा छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून होतात, सगळं सुरळीत झालं तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, म्हणून बाहेरून ती सारखीच वाटतात. आत घडतं ते मात्र पार वेगळं. कुणाला काय मानवेल हे काट्यावरच्या आकड्यापेक्षा, त्या माणसाला छातीत जळजळ होते का, मधुमेह किती वर्षांचा आहे आणि तो आयुष्यभर गोळ्या घेणार आहे का, यावरून ठरतं.

स्लीव्हमध्ये तोंडावाटे एक जाडसर नळी जठरात उतरवतात आणि तिच्या कडेकडेनं सर्जन स्टेपलर चालवतो. हा स्टेपलर एकाच वेळी कापतो आणि दोन्ही कडा बारीक पिनांनी बंद करत जातो. जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे एकूण जठराचा ७५ ते ८० टक्के हिस्सा, असा सुटा होतो आणि शरीराबाहेर काढला जातो. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर, साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढं. आतड्याला हात लागत नाही, अन्नाचा रस्ता पूर्वीचाच राहतो.

बायपासमध्ये जठराचा एकही तुकडा बाहेर काढत नाहीत. अन्ननलिकेच्या लगेच खाली जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात. उरलेलं मोठं जठर जागच्या जागी जिवंत राहतं, पाचकरसही बनवत राहतं, फक्त त्यात अन्न येत नाही. मग लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात. वरचं टोक, ज्यातून जुन्या जठराचा रस, यकृतातला पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस येतो, ते मीटर-दीड मीटर खाली आतड्यालाच जोडतात. अन्न एका वाटेनं, रस दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांची गाठ बरीच खाली पडते. म्हणजे ‘नुसतं पोट लहान करणारी’ स्लीव्हच कधीही उलटवता येत नाही, कारण अवयव निघून गेलेला असतो. बायपास कठीण असलं तरी गरज पडल्यास उलटवता येतं. अशी वेळ क्वचितच येते, पण ‘सोपं’ आणि ‘मोठं’ ही विशेषणं किती फसवी आहेत ते यातून कळतं.

बायपास जुनं आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली त्याची सुरुवात केली. स्लीव्ह हे मुळात स्वतंत्र ऑपरेशन नव्हतंच, ते एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होतं. अतिशय जड रुग्णांना एकाच बैठकीत सगळं झेपणार नाही म्हणून आधी जठर लहान करायचं, वजन उतरलं की आतड्याचं काम करायचं, असा बेत असे. पहिल्या टप्प्यातच अनेकांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. आज जगात सर्वाधिक होणारं वजनाचं ऑपरेशन हेच आहे. नंतर गरज पडली तर स्लीव्हचं बायपास करता येतं, तेही याचमुळे.

दोन्हींत वजन उतरतं ते केवळ पोटात कमी मावतं म्हणून नाही. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्याच फुगीर भागात तयार होतं, जो स्लीव्हमध्ये काढला जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि जीएलपी-१ सारखी पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं भरपूर स्रवतात. स्लीव्हनंतरही ती वाढतात. हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

आता किलोंचं बघू. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एक चाचणी झाली. पाच वर्षांनी स्लीव्ह गटानं जादा वजनाचा ४९ टक्के भाग गमावला होता, बायपास गटानं ५७ टक्के. दहा वर्षांनी हेच आकडे ४३.५ आणि ५१.९ होते. ‘जादा वजन’ म्हणजे बीएमआय २५ च्या वर असलेलं वजन. (बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा.) उंची १६० सेंटिमीटर असेल तर २५ बीएमआयला वजन भरतं ६४ किलो. अशा व्यक्तीचं वजन ११० किलो असेल तर जादा झाले ४६. त्याचे ४९ टक्के म्हणजे साडेबावीस किलो आणि ५७ टक्के म्हणजे सव्वासव्वीस. सरासरी फरक चार किलोंच्या आतबाहेर. बायपास पुढे आहे हे खरं, पण चार किलोंसाठी कुणी आपल्या आतड्याची रचना बदलून घेऊ नये, आणि तेवढ्यासाठी ती नाकारूही नये. निवड ठरवायला याहून वजनदार कारणं आहेत.

त्यातलं पहिलं म्हणजे आम्लपित्त. आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणून वर्षानुवर्षं उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणारी माणसं घराघरांत आहेत. त्यांना तो आजारच वाटत नाही, त्यामुळे सर्जनपुढे बसल्यावर ते सांगायचंही राहून जातं. स्लीव्हचा विचार करणाऱ्यानं मात्र ते सगळ्यात आधी सांगायला हवं. स्लीव्हनंतर जठर अरुंद होतं, खालचं तोंड घट्टच राहतं, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. बायपासमधली इवलीशी पिशवी फारसं आम्ल बनवत नाही, आणि जुन्या जठरातलं आम्ल खालच्या वाटेनं निघून जातं, त्याला वर यायला रस्ताच नसतो. फिनलंडच्या त्याच चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, केली तेव्हा स्लीव्ह गटातल्या ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला दाह आढळला, बायपास गटातल्या ७ टक्के लोकांच्या. स्वित्झर्लंडच्या अशाच चाचणीत, आधीपासून हा त्रास असलेल्यांपैकी बायपासनंतर ६० टक्के लोकांचा तो पाच वर्षांनी गेलेला होता, स्लीव्हनंतर फक्त २५ टक्क्यांचा. आणि स्लीव्ह झालेल्या जवळपास ३२ टक्क्यांचा त्रास उलट वाढला होता.

म्हणून ऑपरेशनआधी एंडोस्कोपी करून घ्या, मग कितीही ‘मला काही होत नाही’ वाटो. अन्ननलिकेला दाह आहे का, जठराचा भाग छातीत सरकलेला आहे का, अन्ननलिकेच्या अस्तरात बदल झालाय का, हे पाहिल्याशिवाय स्लीव्ह ठरवणं मला धोक्याचं वाटतं. झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल, उशा रचून झोपावं लागत असेल, तर कौल बहुतेक बायपासकडे जातो.

दुसरं कारण साखर. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या चाचणीत मधुमेहींचे तीन गट होते: फक्त औषधं, औषधं आणि स्लीव्ह, औषधं आणि बायपास. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली असलेले लोक अनुक्रमे ५, २३ आणि २९ टक्के निघाले. बायपास थोडं पुढे, पण दोन्ही ऑपरेशनं नुसत्या औषधांच्या कितीतरी पुढे. मधुमेह थोड्या वर्षांचा असेल, इन्सुलिन सुरू झालेलं नसेल, तर फायदा जास्त. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह आणि इन्सुलिनची मोठी मात्रा असेल, तर ‘शुगर जाईल’ या आश्वासनावर टेबलावर जाऊ नये. गोळ्या कमी होतील, एवढी अपेक्षा ठेवावी.

इथवर वाचून बायपासच बरं असं वाटेल. पण त्याचा हिशोब पुढे आयुष्यभर चालतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्न तो भाग ओलांडून जातं. बी-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथलंच एक प्रथिन लागतं, तेही अन्नाला नीट भेटत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच तळाशी असतं. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिनही. अशांनी ऑपरेशनआधीच रक्त तपासून कमतरता भरून काढायला हवी. नंतर मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम कायमचं. त्यात कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्यावं, आणि लोह व कॅल्शियम यांच्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवावं. वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी. स्लीव्हवाल्यांनाही गोळ्या चुकत नाहीत, पण चुकवल्या तर बायपासवाल्यांचं नुकसान जास्त होतं. वजन उतरलं, अंगात हलकेपणा आला की लोक गोळ्या सोडतात. पायाला मुंग्या येऊ लागतात तोवर नसांना इजा झालेली असते, आणि ती सगळी भरून येईलच असं नाही. गोळ्या न घेणारा स्वभाव असेल तर तो डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावा. निवडीत तोही एक खरा मुद्दा आहे.

खाणं दोन्हींत सारखंच बदलतं: आधी वरणाचं पाणी, ताक, मग पातळ केलेलं, मग मऊ खिचडी, रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं, जेवताना पाणी नाही. पण बायपासनंतर गोडाशी नातं जास्त बिघडतं. पुरणपोळी, जिलेबी किंवा ग्लासभर उसाचा रस आतड्यात एकदम उतरतो आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर घसरून गरगरतं. स्लीव्हनंतरही हे होऊ शकतं, पण कमी.

गुडघेदुखीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण वजनदार माणसाचे गुडघे दुखतातच आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलमधून सहज मिळतं. बायपासनंतर पिशवी आणि आतड्याच्या जोडावर या गोळ्यांमुळे अल्सर होतो, तो रक्तस्राव करतो, कधी फुटतोही. विडी-सिगारेटनंही तेच होतं. संधिवातामुळे ही औषधं टाळताच येत नसतील, तर पारडं स्लीव्हकडे झुकतं. क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा आजार असेल किंवा रक्तातली पातळी काटेकोर राखावी लागणारी औषधं असतील, तरी स्लीव्हच बरी. बायपास झालेल्याच्या जुन्या जठरात साधी एंडोस्कोपी पोचत नाही, हेही लक्षात घ्या. आणखी एक: बायपासनंतर काही वर्षांनीही आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो. अचानक जोराचं पोट दुखलं तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका. हॉस्पिटलमध्ये पोचताच ‘माझं बायपास झालंय’ हे आधी सांगा.

दोन्हींना लागू असलेली एक सूचना. ऑपरेशननंतर उलट्या थांबतच नसतील तर बी-१ म्हणजे थायमिन झपाट्यानं संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायला हवं. गावातल्या दवाखान्यात जावं लागलं तर ऑपरेशनची फाइल सोबत न्या. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, हेही घरच्यांशी आधी बोलून घ्यावं.

‘मिनी बायपास’ हा तिसरा प्रकार भारतात बराच चालतो. डॉ. रॉबर्ट रुटलेज यांनी तो १९९७ मध्ये सुरू केला. त्यात आतड्याचा एकच जोड असतो, म्हणून वेळ कमी लागतो. वजन आणि साखर चांगली उतरते, पण पित्तरस वर चढण्याची शक्यता राहते आणि आतड्याचा बराच भाग वगळला गेल्यानं कमतरता खोल जाऊ शकतात. ‘मिनी’ म्हणून तो हलका समजू नये.

शेवटी पैशांचं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांना २७.५ बीएमआयपासून ऑपरेशनचा पर्याय देता येतो. १६० सेंटिमीटर उंचीला हे वजन साधारण ७० किलो भरतं. विमा मात्र वेगळ्या मापानं मोजतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार दावा मान्य व्हायला बीएमआय किमान ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असं काहीतरी. त्याच उंचीला हे होतात १०२ आणि ९० किलो. म्हणजे ८० किलोच्या मधुमेही बाईला डॉक्टर ऑपरेशन सुचवू शकतात, पण तिचा दावा नाकारला जाऊ शकतो. तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या, आणि पुढे दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्या व दरवर्षीच्या तपासण्यांचा खर्च वेगळा मांडा, कारण तो ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये सहसा धरलेला नसतो.