परदेशी सौंदर्यशस्त्रक्रिया : ठिकाणांची तुलना (ठाणे व नवी मुंबई)

नाक, पापण्या, केस, स्तन किंवा पोटावरची चरबी यांवरची हौसेची शस्त्रक्रिया दुसऱ्या देशात जाऊन करून घेणे, आणि त्यासाठी खर्च, सुरक्षितता व नंतरची देखभाल या अंगांनी देशांची पारख करणे. ठाणे-नवी मुंबईत ही पारख बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. इस्तंबूल, बँकॉक, सोल यांचे जे दरतक्ते मोबाइलवर फिरतात, ते लंडन-न्यूयॉर्कच्या रुग्णासाठी मांडलेले असतात. त्याच्या गावचा दर इतका चढा, की विमानभाडे धरूनही त्याचे पैसे वाचतात. घोडबंदर रोड किंवा नेरूळला राहणाऱ्याचे गणित वेगळे आहे, कारण त्या तक्त्यांत भारत हाच स्वस्त देश म्हणून असतो. येथे अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो हे खरे (जन्मजात व्यंग वा इजा दुरुस्त करायची असल्यास माफ). तरीही रुग्ण व सोबती अशा दोघांचे तिकीट, हॉटेल आणि बुडालेली रजा धरली की बचत फारशी उरत नाही.

उरतात दोन कारणे : एखाद्या देशाचा विशिष्ट शस्त्रक्रियेतला हात, आणि लपवाछपवी. ‘फिरायला गेलो होतो’ म्हटले की सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौकशी टळते. निदान टळेल असे वाटते.

तुर्कस्तान केसरोपणासाठी प्रसिद्ध आहे. लिरा या तेथील चलनाच्या घसरणीने तेथील पॅकेज स्वस्त झाले. मुक्काम, गाडी, दुभाषा सगळे त्यात येते. परदेशी रुग्ण घेण्यासाठी रुग्णालयाला २०१७ च्या नियमांनुसार आरोग्य मंत्रालयाचे अधिकारपत्र लागते. ते मागून पाहावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे केसांची मुळे काढणार कोण, डॉक्टर की तंत्रज्ञ? लग्नसराई डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बरेचसे गळून जातात, नवे तीन-चार महिन्यांनी फुटू लागतात आणि खरा निकाल वर्षभराने दिसतो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल, तर दिवाळीच्या सुटीत जाऊन काही साधत नाही.

दक्षिण कोरियात पापणीची घडी आणि जबड्याच्या हाडावरचे काम यांत सराव दांडगा. सोलच्या गंगनम भागात अशा दवाखान्यांची दाटी आहे. मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यावर कमावलेला तो हात आपल्या नाकाडोळ्यांवर तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. भूल दिल्यावर ठरलेल्या डॉक्टरऐवजी दुसऱ्याच कोणी शस्त्रक्रिया केल्याची प्रकरणे तेथे गाजली. म्हणून पूर्ण भूल वा गुंगी देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या खोल्यांत सप्टेंबर २०२३ पासून कॅमेरा सक्तीचा आहे. चित्रण मात्र रुग्णाने मागावे लागते.

थायलंडची रुग्णालये १९९७ च्या आर्थिक संकटानंतर परदेशी रुग्णांकडे वळली. लिंगबदल शस्त्रक्रियेतला तेथील अनुभव जुना आहे. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आसपास आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी मिळाली, त्यामुळे ठाणेकरांना हा देश सोयीचा वाटतो. ब्राझीलचे नाव मोठे, पण येथून कोणी सहज जाईल असे अंतर नव्हे. त्या देशाचे नाव लागलेली नितंबात चरबी भरण्याची शस्त्रक्रिया जोखमीची आहे : चरबी मोठ्या शिरेत शिरून फुप्फुसात अडकते. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तीन हजारांत एक मृत्यू इतके प्रमाण निघाले होते.

वास्तविक या विद्येचा प्रवास पूर्वी उलटा होता. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून कावसजी नावाच्या गाडीवानाला नवे नाक बसवल्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तेथे तशी शस्त्रक्रिया केली.

तुलनेत सर्वांत कमी पाहिली जाणारी बाब म्हणजे परतीनंतरचे दिवस. स्तनांवरच्या किंवा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात, चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळावा असे ब्रिटनमध्ये सांगतात. लांब प्रवासात पायाच्या शिरेत गाठ धरण्याचा धोका वाढतो, त्यामुळे चार दिवसांचे पॅकेज दिसायला सुटसुटीत असले तरी घातक ठरू शकते. काही जंतुसंसर्ग आठवड्यांनी डोके वर काढतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकात चरबी काढून अमेरिकेत परतलेल्यांना असे मायकोबॅक्टेरियाचे (क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जंतूंचे) चिवट संसर्ग झाले होते आणि त्यांवर महिनोन्‌महिने औषधे चालली. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही.

तक्रारीचेही तसेच. येथील डॉक्टरविरुद्ध ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. इस्तंबूलच्या दवाखान्यावर त्या आयोगातून वचक ठेवणे अवघड. टाके उसवले की रुग्ण वाशी-ठाण्यातल्या सर्जनकडेच येतो. हा सर्जन पहिल्यांदा मागतो ते मूळ शस्त्रक्रियेचे टिपण, म्हणजे काय कापले, कोणता धागा, शरीरात बसवलेले रोपण (इम्प्लांट) कोणत्या कंपनीचे. हे टिपण इंग्रजीत लिहून घेण्याची वेळ निघण्यापूर्वीची असते.