पोटात झालेले पाणी आणि तोडलेले पाणी

कुत्र्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले की मराठवाड्यातील शेतवस्तीवर बहुधा आधी त्याचे पिण्याचे पाणी तोडले जाते. हा उपाय उलटा आहे, कारण जलोदरात, म्हणजे पोटात पाणी होण्याच्या विकारात, साठणारा द्रव रक्तवाहिन्यांतून झिरपलेला असतो.

केशवाहिन्यांतील, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतील, दाब रक्तातील द्रव बाहेर ढकलतो आणि अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन तो आत धरून ठेवते. हा तोल इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये मांडला. यकृत निबर झाले की अल्ब्युमिन घटते आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला दाबही वाढतो. द्रव पोटात उतरला की वाहिन्यांतील रक्त मूत्रपिंडाला अपुरे भासते, अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, मीठ व त्याबरोबर पाणी शरीरात अडवले जाते आणि तेच पुन्हा पोटात झिरपते. पाणी तोडल्याने रक्त आणखी आटते व हे चक्र जोर धरते. म्हणून यकृताच्या जलोदरात अल्डोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन आणि कमी मिठाचा आहार देतात. ‘सगळे पाणी काढून टाका’ हा मालकांचा आग्रह मात्र डॉक्टर सहसा मानत नाहीत. द्रवाबरोबर प्रथिनेही जातात, त्यामुळे श्वास अडू लागला तरच तो बेताने काढतात.

तपासणीसाठी मात्र थोडा द्रव सुईने घ्यावाच लागतो. तो पाण्यासारखा निवळ निघाला तर यकृत, हृदय किंवा प्रथिनांची गळती यांचा शोध घेतात. हिरवट-तपकिरी निघाला तर संशय पित्ताशयावर जातो. आतड्यातील जिवाणू पित्तनलिकेतून वर चढले की पित्ताशयाला सूज येते, ताप व उलट्या होतात, हिरड्या पिवळ्या पडतात. सोनोग्राफीत भिंत जाड दिसली तरी ती फाटलेली नसेल, तर प्रतिजैविकांवर अनेकदा भागते. पोटातील द्रवात बिलिरुबिन हे पित्तातील पिवळे रंगद्रव्य रक्तातील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक भरले, तर पित्त सांडले आहे असे समजतात आणि मग शस्त्रक्रियेने पित्ताशय काढण्यात दिरंगाई परवडत नाही. पित्ताशयाविना कुत्रा जगू शकतो, कारण पित्त यकृतात बनते आणि नलिकेतून थेट आतड्यात उतरते.

अशा वेळी गळ्यात काळा दोरा बांधून किंवा काविळीचा झाडपाला पाजून गेलेले दोन दिवस फार महाग पडतात. पित्त पातळ करणारे अर्सोडीऑक्सीकोलिक आम्लदेखील नलिका तुंबलेली असताना घातक ठरू शकते, म्हणून माणसाची उरलेली गोळी कुत्र्याला देऊ नये. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. सोनोग्राफीची सोय जवळच्या दवाखान्यात नसेल तर तेथे विचारणा करावी, आणि जाताना कुत्र्याला पाणी पाजूनच न्यावे.