आवृत्ती-नोंद (सॉफ्टवेअर दस्तऐवजीकरण)

एखादे फंक्शन, पर्याय किंवा आज्ञा सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, हे तिच्या वर्णनाजवळच लिहून ठेवण्याची पद्धत. रिलीज नोट्समध्ये एका आवृत्तीतले सगळे बदल एकत्र सापडतात, पण वाचणाऱ्याला बहुधा उलटे हवे असते. गोष्ट हाताशी असते, आवृत्ती शोधायची असते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतले, मजकुराच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढून टाकणारे ‘रिमूव्हप्रीफिक्स’ हे फंक्शन ३.९ मध्ये (२०२०) आले. सर्व्हरवर ३.८ असेल तर प्रोग्राम सुरू होतो, ती ओळ येईपर्यंत नीट चालतो आणि तिथे ‘ॲट्रिब्यूटएरर’ ही चूक देऊन कोसळतो. वर्णनाखालची एक ओळ वाचली असती तर हे टळले असते.

बीएसडी युनिक्स या संगणक-प्रणालीच्या मॅन्युअल पानांवर अशा नोंदीसाठी ‘हिस्ट्री’ हा विभाग असतो. लिनक्सच्या पानांवर अनेकदा दोन आकडे दिसतात. फाइल उघडणाऱ्या ‘ओपनॲट’साठी कर्नल (प्रणालीचा गाभा) २.६.१६ आणि जीलिबसी (प्रोग्राम ज्या लायब्ररीतून कर्नलशी बोलतात ती) २.४. सोय कर्नलमध्ये असली तरी लायब्ररीने ती पुढे केली नसेल तर सामान्य प्रोग्रामरच्या ती फारशी उपयोगाची नाही, म्हणून दोन्ही सांगावे लागतात. जावा या भाषेने ‘सिन्स’ (‘पासून’) हा टॅग रूढ केला. तिथे १.८ नंतर थेट ९ येतो, कारण मधेच क्रमांक देण्याची रीत बदलली. नवख्याला वाटते, मधल्या आवृत्त्या हरवल्या. पायथॉनच्या दस्तऐवजांसाठी तयार झालेल्या स्फिंक्स या साधनात (२००८) भर, बदल आणि ‘वापर टाळा’ यांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. कोड लिहिताना तो कोणत्या आवृत्तीत जाणार हे नक्की नसते. लेखक अंदाजाने आकडा टाकतो, तपासणी रेंगाळते, ती आवृत्ती निघूनही जाते आणि नोंद खोटी पडते. म्हणून रस्ट या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत आकड्याऐवजी ‘चालू आवृत्ती’ अशा अर्थाचा ठरावीक शब्द लिहितात व प्रकाशनाच्या वेळी त्याजागी खरा क्रमांक येतो. तिथे स्थिर सुविधेला ही नोंद नसेल तर कंपायलरच (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) अडवतो. पायथॉननेही आता आकड्याऐवजी ‘नेक्स्ट’ (‘पुढची’) लिहिण्याची मुभा दिली आहे. ‘गो’ या भाषेची पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते. प्रत्येक आवृत्तीत सार्वजनिक एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या फंक्शन वगैरेंच्या संचात) काय वाढले याच्या याद्या साध्या मजकूर-फायलींत ठेवलेल्या असतात आणि ‘गोडॉक’ हे दस्तऐवज दाखवणारे साधन गो १.११ पासून त्यांतूनच आकडा दाखवू लागले. प्रत्येक फंक्शनच्या टिप्पणीत हाताने लिहायचेच नाही, मग विसरणार काय?

आकडा बरोबर असूनही उत्तर एकच असेल असे नाही. पायथॉनच्या डिक्शनरीत (किल्ली आणि तिचे मूल्य अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेत) जोड्या घातलेल्या क्रमाने राहणे सीपायथॉन (भाषेची मुख्य अंमलबजावणी) ३.६ मध्ये सुरू झाले, पण तेव्हा तो केवळ अंतर्गत रचनेचा परिणाम होता. भाषेची हमी मिळाली ३.७ मध्ये. दस्तऐवजात ३.७ ही आवृत्ती दिली आहे आणि ३.६ चा खुलासा त्याच ओळीत आहे. ‘कधीपासून चालते’ आणि ‘कधीपासून विसंबावे’ हे प्रश्न वेगळे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

नोंदी किती काळ ठेवायच्या यावर एकमत नाही. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या पायथॉन-चौकटीत दोन आवृत्त्या मागच्या खुणा काढून टाकतात, कारण प्रत्येक आवृत्तीचे दस्तऐवज स्वतंत्रपणे उपलब्ध असतात. पायथॉन ३ च्या दस्तऐवजांतून २.x च्या नोंदी गेल्या, ३.x च्या मात्र साचत राहिल्या. गर्दी होते खरी, पण जुन्या यंत्रणेवर काम करणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

हीच कल्पना युनिकोडमध्येही, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातही, दिसते. तिथे प्रत्येक चिन्हाला ‘वय’ असते, म्हणजे ते ज्या आवृत्तीत दाखल झाले तिचा क्रमांक. रुपयाचे ₹ हे चिन्ह ६.० चे (२०१०). मराठीत रोज लागणारा ‘ॲ’ ५.१ चा, म्हणजे २००८ चा. त्याआधी तो ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत, आणि तशी जोडणी आजही पुष्कळ ठिकाणी होते. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही. म्हणून वेगळी तजवीज न केलेल्या शोधात एक रूप टाकले की दुसरे सापडत नाही.