पार्श्वभूमी : परिषदेच्या ताब्यातली तान्ही बाळं आणि त्यांची हेल्थ व्हिजिटर

इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदेच्या (आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या) देखभालीखाली असलेल्या मुलांची संख्या ८० हजारांच्या वर आहे. त्यांतलं साधारण पाचातलं एक मूल पाच वर्षांच्या आतलं. या लहानग्यांची आरोग्यतपासणी दर सहा महिन्यांनी व्हायलाच हवी. पाच वर्षांपुढच्या मुलांची वर्षातून एकदा. पहिली तपासणी डॉक्टरच करतात, पुढच्या नर्स किंवा हेल्थ व्हिजिटर करू शकतात. काही भागांत तर फक्त याच मुलांसाठी एक खास हेल्थ व्हिजिटर नेमलेली असते. हेल्थ व्हिजिटर तशीही प्रत्येक बाळाच्या घरी जातेच, मग या बाळांसाठी वेगळी बाई कशाला?

आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या फेऱ्या मारते, तिची आठवण इथे येईल. फरक असा, की ब्रिटनमधली हेल्थ व्हिजिटर आधी नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफ असते आणि त्यावर वेगळं प्रशिक्षण घेऊन या कामात येते. या पेशाचं मूळ १८६२ च्या मँचेस्टर-सॅलफर्डमध्ये सांगतात. तिथल्या महिलांच्या एका आरोग्य-सुधारणा संघटनेनं कामगार वर्गातल्याच बायकांना पगारावर नेमलं आणि स्वच्छता, बाळाचं दूध, आजारपण याबद्दल सांगायला घरोघरी धाडलं. १९०७ च्या कायद्यानं जन्माची खबर ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला देण्याची पद्धत आणली, १९१५ मध्ये ती सगळीकडे सक्तीची झाली. खबर आली की भेट ठरायची. म्हणजे या सेवेचा पायाच मुळी पत्ता आणि त्या पत्त्यावर राहणारी आई हा होता.

ज्या बाळांना दोन्ही नव्हतं, त्यांची गोष्ट वेगळ्याच वाटेनं गेली, आणि ती भीषण आहे. अविवाहित आया पैसे देऊन बाळ परक्या बाईकडे ठेवत. काही बायका एकरकमी पैसे घेत आणि बाळ उपाशी मरू देत. याच धंद्यातल्या मार्गारेट वॉटर्सला १८७० मध्ये फाशी झाली आणि १८७२ मध्ये अर्भक-संरक्षणाचा कायदा आला. त्यात नोंदणीचं बंधन होतं, पण एक वर्षाखालची दोन किंवा अधिक बाळं ठेवणाऱ्यालाच. एकच बाळ ठेवलं तर कुणी विचारणार नाही! १८९६ मध्ये तसाच धंदा करणाऱ्या अमेलिया डायरला फाशी झाली, पुढच्या वर्षी कायद्यानं वयोमर्यादा पाच वर्षांवर नेली, पण एकट्या बाळाची पळवाट बुजायला १९०८ उजाडलं.

१९२९ च्या कायद्यानं ही देखरेख गरीब-कायद्याच्या पालक मंडळांकडून (गरिबांच्या मदतीचं काम पाहणाऱ्या स्थानिक मंडळांकडून) काढून माता-बाल आरोग्याचं काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे दिली. परक्या घरी ठेवलेल्या बाळावर नजर ठेवायला बहुतेक ठिकाणी मग हेल्थ व्हिजिटरच जाऊ लागली. खास हेल्थ व्हिजिटरची कल्पना अलीकडची मानली जाते. मला तिचं बीज इथे दिसतं.

ते फार टिकलं नाही. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतघरात डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा पालक म्हणून नेमलेल्या माणसाच्या मारहाणीनं आणि हेळसांडीनं मेला. त्याला तिथे ठेवलं होतं वेल्समधल्या न्यूपोर्टच्या परिषदेनं, तो राहत होता दुसऱ्याच परिषदेच्या हद्दीत, आणि लक्ष धड कुणाचंच नव्हतं. आईबापांविना वाढणाऱ्या मुलांच्या देखभालीची पाहणी करणाऱ्या कर्टिस समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, १९४८ च्या कायद्यानं प्रत्येक परिषदेत मुलांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. जबाबदारी एका जागी आली, हे योग्यच झालं. पण त्याबरोबर बाळांवरची देखरेखही आरोग्य खात्याकडून निघून या नव्या विभागाकडे गेली. १९७४ मध्ये हेल्थ व्हिजिटर परिषदांतून राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेल्या, सोशल वर्कर मात्र परिषदेतच राहिले. अंतर आणखी वाढलं.

दरम्यान बाळं राहण्याची जागाही बदलली. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीनं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून तुटलेल्या मुलांच्या मनावर होणारे परिणाम मांडले. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्यानं १९६९ मध्ये निवासी पाळणाघरात नऊ दिवस राहिलेल्या १७ महिन्यांच्या जॉनचं चित्रण दाखवलं. तिथल्या नर्स प्रेमळ होत्या, पण पाळीगणिक बदलत. जॉन एकीला धरू पाहतो तर ती निघून जाते. शेवटी आई न्यायला येते तेव्हा तो तिच्याकडेही जायला तयार नसतो. अशी पाळणाघरं हळूहळू बंद झाली, बाळं फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे परिषदेच्या वतीनं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, गेली. बाळांसाठी ते बरंच झालं, पण आता ती शेकडो घरांत विखुरली होती.

आणि ही घरं बदलतात. प्रसूतिगृहातून एका फॉस्टर घरी, तिथून दुसऱ्या, मग आजीकडे किंवा दत्तक. दर वेळी नवी हेल्थ व्हिजिटर, आणि कागद मागून रखडत येतात. वजन, लसी, वाढ यांची नोंद असणारं लाल पुस्तक जन्मदात्या आईकडेच राहून गेलेलं असतं. दत्तक गेल्यावर आरोग्य सेवेचा क्रमांकही बदलू शकतो. लसीच्या संमतीवर सही फॉस्टर आईची चालेल का परिषदेची लागेल, हे मूल कोणत्या कलमाखाली ताब्यात आहे त्यावर ठरतं. विकासाची प्रश्नावली भरायची तर बाळाला तीन आठवडे ओळखणारी बाई काय भरणार? गरोदरपणात आई दारू पीत होती का, तिच्या नशेमुळे जन्मानंतर बाळाला त्रास झाला होता का, हे फॉस्टर आईला कुणी सांगितलेलंच नसतं. अजिबात न रडणाऱ्या बाळाला सगळे शहाणं म्हणतात. अशी बाळं रोज पाहणारी हेल्थ व्हिजिटर मात्र तिथेच थबकते.

या खास पदाला कुठलाही एक कायदा कारण नाही. २००२ च्या सरकारी मार्गदर्शिकेनं फेरतपासणीचं काम नर्सांसाठी खुलं केलं. २००९ आणि २०१५ मध्ये सुधारित मार्गदर्शिका आल्या. त्या चौकटीत ज्या त्या भागानं आपापल्या परीनं पदं निर्माण केली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत २०११ पासून एका बालसंरक्षण संस्थेनं बालमानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स झीनाह यांचा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समधला नमुना आणून पाहिला. त्यात मुलाला जन्मदात्या घरी परत पाठवावं की नाही याचा निर्णय व्हायच्या आधीच बाळ आणि पालक यांच्या नात्यावर काम होतं.

पैशाचा भाग थोडक्यात. सरकारनं २०११ ते २०१५ दरम्यान इंग्लंडमध्ये ४,२०० हेल्थ व्हिजिटर वाढवायचं ठरवलं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही सेवा विकत घेण्याची जबाबदारी पुन्हा परिषदांकडे आली, त्यांची अनुदानं आटली आणि हेल्थ व्हिजिटरांची संख्याही घसरली. खास पद कायद्यानं बंधनकारक नसल्यामुळे ते राहणार की जाणार हे स्थानिक अंदाजपत्रकावर ठरतं. बाळ परिषदेच्या हद्दीबाहेर ठेवलं असेल, तर तपासणीचा खर्च मूळ भागाच्या आरोग्य यंत्रणेनं द्यायचा आणि भेट मात्र नव्या भागातल्या हेल्थ व्हिजिटरनं द्यायची, असा आजचा नियम आहे.