दंतिन

मानवी दाताचा बहुतांश भाग दंतिन या कठीण ऊतीचा असतो. वरच्या भागात त्याच्यावर एनॅमलचे कवच, मुळावर सिमेंटमचा पातळ थर आणि मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या व चेतातंतूंनी भरलेली दंतमज्जा असते. वजनाने दंतिनात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य व १० टक्के पाणी असते. खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचे स्फटिक. सेंद्रिय भाग मुख्यतः कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा. एनॅमल अधिक टणक पण ठिसूळ असते. दंतिनाला थोडी लवचीकता असल्यामुळे चावताना येणारा ताण ते पेलते. कीड लागून दंतिन पोखरले गेले, की वरचे धडधाकट दिसणारे एनॅमलही कडेने तुटते. दातांची पिवळसर छटा दंतिनाचीच असते, एनॅमलमधून ती बाहेर जाणवते.

गर्भावस्थेत हिरडीच्या जागी दाताचा अंकुर तयार होतो. त्याच्या आतल्या ऊतीतील सीमेवरच्या पेशी शेजारच्या एनॅमल-अंगाकडून (एनॅमल बनवणाऱ्या भागाकडून) संकेत मिळताच दंतिनजनक पेशी बनतात. त्या प्रथम कोलॅजेनयुक्त, खनिजविरहित थर टाकतात, हे पूर्वदंतिन. त्यात पुढे खनिज साचून दंतिन होते. दंतिनाचा पहिला थर पडल्यावरच एनॅमल बनू लागते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही ऊती एकमेकींच्या संकेतांवर अवलंबून असतात.

थर टाकता टाकता पेशी आत, मज्जेकडे सरकत जाते, पण तिचा एक लांब प्रवर्ध (धाग्यासारखा फाटा) मागे दंतिनात राहतो. त्याच्याभोवतीची जागा म्हणजे दंतिननलिका. दात घडताना बनणारे हे प्राथमिक दंतिन दिवसाला साधारण ४ मायक्रोमीटर वाढते आणि या रोजच्या वाढीच्या बारीक रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. नलिका मज्जेजवळ दाट व रुंद असतात. तिथे त्यांचा व्यास सुमारे २.५ मायक्रोमीटर असतो. एनॅमलकडे त्या विरळ होतात आणि व्यास १ मायक्रोमीटरच्या आसपास येतो. म्हणूनच खोल गेलेली कीड मज्जेपर्यंत झपाट्याने पोहोचते. प्रत्येक नलिकेच्या आतल्या कडेला कोलॅजेन जवळपास नसलेले, जास्त खनिजयुक्त दंतिन असते, तर नलिकांमधल्या जागेत कोलॅजेनचे जाळे असते.

नलिकांत द्रव असतो. दंतिन उघडे पडल्यावर थंड पाणी किंवा वाऱ्याची झुळूक लागली, की हा द्रव हलतो, मज्जेजवळचे चेतातंतू उत्तेजित होतात आणि दातात सणक जाते. दात शिवशिवण्याचे हे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

मूळ पूर्ण झाल्यावरही दंतिन बनणे थांबत नाही. हे द्वितीयक दंतिन अगदी हळू साठते, त्यामुळे वयाबरोबर मज्जेची पोकळी अरुंद होते. कीड किंवा झीज झाल्यास त्या जागेपुरते तृतीयक दंतिन तयार होते. इजा सौम्य असेल तर जुन्याच पेशी ते बनवतात. त्या मेल्या असतील तर मज्जेतून नव्या पेशी पुढे येतात. मात्र त्यांनी टाकलेल्या दंतिनात नलिका थोड्या आणि वेड्यावाकड्या असतात.