सोलापूरच्या उन्हात आणखी लाईट कशाला?

सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर खवलेदार चट्टे उठणाऱ्या आजाराच्या पेशंटला डॉक्टरांनी ‘आठवड्यातून तीनदा लाईट (मशीनमधला अतिनील प्रकाश) घ्यायला या’ म्हटलं की सोलापूरकर हमखास विचारतो, इथं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, मग उन्हाचे पैसे कशाला मोजायचे? प्रश्न रास्त आहे.

लाईटच्या आधी सोरायसिसवर मलमं होती, आणि त्या उपचाराची एक वाट आपल्या शेजारून गेली आहे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून गजकर्णावर खपली. १८७६ मध्ये लंडनच्या डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली. पहिल्या महायुद्धात पुरवठा तुटला, तेव्हा जर्मनीत तिच्या धर्तीवर डायथ्रॅनॉल हे औषध तयार झालं. गुण चांगला, पण डाग असे जांभळट-तपकिरी की सोलापुरी चादरही धुऊन धुऊन विरेल, डाग जाणार नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत डॉ. गोकरमन यांनी कोळशाच्या डांबराचं मलम आणि अतिनील दिवा यांची जोडी जमवली. वास आणि चिकटपणामुळे पेशंटला इस्पितळातच मुक्काम ठोकावा लागे.

१९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं मलम आलं आणि सगळं सोपं झालं. जरा जास्तच. पुढं क्लोबेटासोलसारखी जहाल स्टिरॉइडं आली. आपल्याकडे चट्टा दिसला की नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणायची, खाज थांबली की तीच ट्यूब शेजाऱ्याला सुचवायची. महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी पातळ होते आणि एकदम थांबवलं तर चट्टे जोरात उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं, बारीक अक्षरात. काउंटरवर ते वाचतो कोण?

आता उन्हाचं. औषधी बावची लावून उन्हात बसायचा कोडावरचा उपाय आपल्याकडे फार जुना. तिच्यात सोरालेन असतं, त्यानं कातडीवर प्रकाशाचा परिणाम वाढतो. १९७४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि यूव्हीए (लांब लहरींच्या अतिनील प्रकाशाचे) दिवे सोरायसिसवर वापरले. चट्टे गेले, पण मळमळ होई, डोळे जपावे लागत आणि वर्षानुवर्षं घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढे. मग १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिकी या संशोधकांनी अतिनील प्रकाशाची एकेक तरंगलांबी तपासली. ३१३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश चट्टे घालवतो, त्याहून बऱ्याच आखूड लहरी नुसत्या भाजतात, असं दिसलं. आजच्या मशीनमधल्या नळ्या ३११ च्या आहेत त्या यामुळे. उन्हात हा पट्टा असतो, पण बाकी सगळ्यासकट, आणि मोजून घेता येत नाही. त्यात कातडी भाजली तर भाजल्या जागीच नवे चट्टे उठू शकतात.

मशीनमध्ये गॉगल लावून उभं राहायचं. सुरुवात थोड्या डोसने, मग कातडीचा रंग आणि लाली बघत वाढ. खरी अडचण एसटीची. अक्कलकोट किंवा पंढरपूरहून येणाऱ्याचा आठवड्यातून तीनदा रोजगार बुडतो. दोन-तीन आठवडे खाडा झाला की डोस खाली आणून पुन्हा चढवावा लागतो.